कापड घरात येता कामा नये

माझी मुलगी विजय नगरच्या आपल्या फ्लॅटमधून ऑनलाइन दुकान काढायचं म्हणते आहे. दुकान म्हणजे दुकान नव्हे, हे तिनं मला आधीच बजावलं. शटर नाही, काउंटर नाही, गल्ला नाही. लाकडी चमचे, पोळपाट, बाळांची खेळणी असा माल ती फोनवर दाखवणार, ऑर्डर घेणार, आणि माल पाठवणार मात्र तिसराच कोणीतरी, आपल्या गोदामातून, थेट गिऱ्हाईकाच्या घरी. अशा घाऊक व्यापाऱ्यांच्या डिरेक्टऱ्या इंटरनेटवर विकत मिळतात. त्यातल्या दोन तिला पसंत पडल्या होत्या आणि कोणती घ्यावी ते काही ठरत नव्हतं. म्हणून रविवारी पोहे खायला आली आणि लॅपटॉप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आई, आधी तुला ड्रॉपशिपिंग म्हणजे काय ते समजावते. एकदम नवीन कॉन्सेप्ट आहे. मतलब, माल आपल्या घरात येतच नाही."

मी इतकी हसले की ठसका लागला. तिला राग आला. तिचा राग माझ्यावर गेला आहे, त्यामुळे मला त्याची भीती वाटत नाही. "माल घरात येता कामा नये ही तुझ्या आजोबांची अट होती," मी म्हटलं, "आणि तेव्हा आपल्याकडे साधा फोनसुद्धा नव्हता." मग तिला सगळं सांगावं लागलं, आणि सांगता सांगता मलाच इतकं काही आठवलं की ते लिहून ठेवावंसं वाटलं.

आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेबरोबर इंदूरला आले आणि घोडे सांभाळू लागले. घोडे गेले तसे आजोबा मिलमध्ये लागले आणि कापड सांभाळू लागले. त्यांच्या मागून बाबा, म्हणजे माझ्या मुलीचे आजोबा. बाबा फोल्डिंग खात्यात होते. मागावरून उतरलेलं, धुऊन खळ देऊन आलेलं कापड या खात्यात येई. तिथं ते तपासायचं, मोजायचं, त्याची घडी घालायची आणि वर मिलचा शिक्का मारायचा. कापड कितीही चांगलं विणलेलं असो, घडी वाकडी असली तर दुकानदार हात लावत नाही, असं बाबा नेहमी म्हणत. थोडक्यात, आख्खी मिल फोल्डिंग खात्याच्या जिवावर चालते अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आई त्यांना चिडवायची की मग विणणाऱ्यांना घरी का पाठवत नाही.

पुढे सगळ्यांनाच घरी पाठवलं. मिल एका दिवसात बंद पडली नाही. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग पगार लांबायला लागले आणि एका सकाळी भोंगा वाजलाच नाही. पेपरात रोज छापून यायचं की देशाचा बाजार खुला झाला. पलासियाला नवे नवे शोरूम उघडत होते, काचेच्या दारांचे. आमच्या गल्लीत मात्र धडधाकट माणसं भर दिवसा ओट्यावर बसलेली दिसू लागली.

बाबा रडले नाहीत, कोणाला बोलले नाहीत. फक्त त्यांना कापड चालेनासं झालं. अंगावरचं चालायचं, तेवढी मेहरबानी. पण नवं कापड, कापडाचं आख्खं थान, खळीचा वास, यातलं काही नको. राजवाड्याकडे जायचं तर कापड मार्केट टाळून लांबचा वळसा घ्यायचे. शेजारची काकू एकदा ड्रेसपीस घेऊन आली, म्हणाली, भावजी, जरा पोत बघता का, तर बाबा कोथिंबीर आणायला म्हणून उठून गेले. कोथिंबीर घरात होती. मला त्यांची दया यायची, आणि आपल्याच बापाची दया येते याचा भयंकर रागही यायचा. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला त्या काळात कशाचाही राग येत असे.

अशात पुण्याच्या मामाचं पत्र आलं. त्याच्या ओळखीच्या एका कारखान्यात गोदाम सांभाळायची नोकरी होती, वर राहायला दोन खोल्या. दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवतो, पुढे जमणार नाही, असं त्यानं स्वच्छ लिहिलं होतं. मामा चांगला माणूस, त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण आईला इंदूर सोडायचं नव्हतं. ती इथेच जन्मली, इथेच तिचं लग्न झालं. पुण्यात पोह्यांवर शेव मागितली तर लोक तोंडाकडे बघत राहतात, ही तिची पुण्याबद्दलची मुख्य तक्रार होती. खरी तक्रार तिनं एकदाच बोलून दाखवली. "तिकडे गेले ना, तर हे कायमचे असेच राहतील," ती मला म्हणाली. "इथे निदान ओरडतात तरी कधी कधी."

धंद्याची कल्पना चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात निघाली. कैरीची डाळ आणि पन्हं घेता घेता बायकांचं एकच रडगाणं चाललं होतं, की इंदुरात आता धड नऊवारी मिळत नाही. दुकानदार सिंथेटिकचे ढीग पुढे टाकतात, नऊवारी मागितली की हसतात. सासूबाईंना हवी, लग्नाला हवी, पूजेला हवी, आणायची कुठून? आई पन्ह्याचे पेले भरत ऐकत होती. सगळ्या गेल्यावर बाबांना म्हणाली, "मी बाहेरून साड्या मागवून विकते. इथल्याच बायकांना. चाललं तर ठीक, दिवाळीपर्यंत नाही चाललं तर पुण्याला जाऊ. मी काही बोलणार नाही."

बाबांनी रिकामे पेले गोळा करून मोरीत नेऊन ठेवले. मग म्हणाले, "मी मदत करेन. पत्रं लिहीन, हिशोब ठेवीन. पण कापड घरात येता कामा नये."

"मतलब काय? साड्या विकायच्या आणि साडी घरात नाही आणायची?"

"नाही आणायची."

माझी आई या ठिकाणी भांडली असती तर मला नवल वाटलं नसतं. पण ती पेले विसळायला निघून गेली, आणि दोन दिवसांनी बाबांनीच तोड काढली. ऑर्डर आपण घ्यायची, व्यापाऱ्याला कळवायची, आणि व्यापाऱ्यानं साडी पोस्टानं परस्पर त्या बाईच्या पत्त्यावर पाठवायची. पाठवणार म्हणून पार्सलावर नाव आईचं. बाबा या युक्तीवर इतके खूष झाले की कितीतरी महिन्यांनी त्यांनी स्वतःहून दाढी केली. आता प्रश्न उरला असा व्यापारी शोधायचा कुठे. त्यासाठी डिरेक्टरी हवी.

तेव्हा डिरेक्टरी विकणारी माणसं टाय लावून फिरायची. बाजार खुला झाल्यापासून इंदुरात टाय फार वाढले होते. पलासियाच्या एका ऑफिसातून एक सेल्समन आमच्या घरी आला तो लाल रेक्झिनचा, सोनेरी अक्षरांचा ठोकळा घेऊन. चहाच्या कपाशेजारी त्यानं तो ठेवला तेव्हा टेबल हललं.

"अंकल, इसमें पूरा हिंदुस्तान है," तो म्हणाला. "कश्मीर से कन्याकुमारी. जो मंगाना है मंगाओ."

"पूरा हिंदुस्तान नहीं चाहिए भिया," बाबा म्हणाले, "नौ गज की साडी चाहिए."

"मिलेगी ना. नौ क्या, नब्बे गज की मिलेगी."

मला सेल्समन लोकांचा मुळात राग आहे, पण हा बरा निघाला. महाग आहे म्हणताच पुस्तक थोडे दिवस घरी ठेवून बघा म्हणाला आणि खरंच ठेवून गेला. दुसरी डिरेक्टरी आईनं राजवाड्यामागच्या एका जुन्या पुस्तकविक्रेत्याकडून आणली. पातळ, पिवळट, मराठीत छापलेली. निम्मी पानं बामाच्या आणि उदबत्तीच्या जाहिरातींनी भरलेली. दोन्ही शेजारी ठेवल्या तर ती पातळ वही त्या ठोकळ्याची पावती वाटायची.

निवड कशी करायची याबद्दल बाबांना शंका नव्हती. थान तपासताना ते टोकं कधी बघत नसत. सुरुवात आणि शेवट कोणीही नीट विणतो, माणसाला डुलकी लागते ती मधे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी दोन्ही पुस्तकं बरोबर मधोमध उघडली, तिथून साडीचे व्यापारी निवडले आणि सगळ्यांना जबाबी पोस्टकार्डं टाकली. मजकूर एकच. नऊवारी आहे का, एकेक पाठवाल का, परस्पर पाठवाल का. एकूण एक कार्डं माझ्या हस्ताक्षरात गेली, कारण मी इंग्रजी कॉलेजात शिकते तर थोडं तरी कामाला यावं.

उत्तरांची वाट बघण्यात आमचा उन्हाळा छान गेला. पोस्टमनचा आवाज आला की बाबा पायजम्याची नाडी सावरत दाराशी. लाल ठोकळ्यातल्या लोकांची उत्तरं पटापट आली. छापील, गुळगुळीत, आम्ही आपल्या सेवेला सदैव तत्पर आहोत वगैरे. एकानं तर देवीचं कॅलेंडर पाठवलं. एकाकडे आता पाण्याचे पंप मिळत होते आणि तो आम्हाला पंप घ्या म्हणत होता. नऊवारी आहे का याचं उत्तर मात्र कोणीच दिलं नव्हतं. पातळ वहीची तऱ्हा वेगळी. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एका व्यापाऱ्याच्या मुलानं कळवलं की वडील वारले, तिथे आता चपलांचं दुकान आहे, चपला हव्या तर सांगा. आणि शेवटी सोलापूरहून शिसपेन्सिलीनं लिहिलेलं एक कार्ड आलं, ते मला अजून शब्दशः आठवतं. "एकेक साडी पाठविणे परवडत नाही. तरी पाठवू. परंतु नेसणाऱ्या बाईंची उंची व अंगलट कळविल्याशिवाय पाठविणार नाही. मागाहून ओचा आखूड झाला म्हणून शिव्या खाण्यास मी बसलेलो नाही."

आई त्या कार्डाच्या प्रेमातच पडली. बाबांना ते अपमानकारक वाटलं. "लाल पुस्तकातले लोक तमीजनं तर बोलतात ना," ते म्हणाले. "हा तर अंगावरच येतो आहे."

"त्यांना विचारलं काय आणि ते सांगतात काय? पंप घ्या. आणि साडी नेसणार कोण, हे विचारणारा हा एकटाच आहे."

"एकट्याच्या भरवशावर धंदा होत नाही."

"नवरा पण एकटाच असतो, संसार होतो ना?"

यानंतर दोघं चार दिवस माझ्यामार्फत बोलत होते. बाबांना म्हणावं चहा झालाय. आईला म्हणावं ठेव तिथे. शेवटी बाबांच्या अटीनंच बाबांना हरवलं. लाल पुस्तकातल्या दोघा-तिघांना त्यांनी नेटानं पुन्हा लिहिलं, तेव्हा उत्तर आलं की आम्ही सुटी साडी देत नाही, आख्खी गाठ घ्यावी लागेल. गाठ म्हणजे गोणपाटात बांधलेलं कापडाचं धूड, आणि ते अर्थात आमच्या घरात येणार. सोलापूरचा तिरसट व्यापारी मात्र एकेक साडी आणि परस्पर पाठवायला तयार होता. बाबांनी कार्ड पुन्हा वाचलं आणि हात जोडून म्हणाले, "घ्या तुमचा सोलापूरवाला."

सेल्समन आपला ठोकळा न्यायला आला तेव्हा बाबा ओशाळले. त्यांनी पुस्तक पुसून वर्तमानपत्रात बांधून ठेवलं होतं. त्यानं काही मनाला लावून घेतलं नाही, पोहे खाल्ले आणि आमची पातळ वही चाळून म्हणाला, "आंटी, इसमें तो कुछ है ही नहीं."

"एक है," आई म्हणाली. "एकच पाहिजे होता."

पावसाळ्यात आईनं ऑर्डरी गोळा केल्या. बायकांच्या उंच्या विचारणं सोपं होतं, अंगलट विचारणं नाजूक, पण ते तिला जमलं. सगळ्यांना तिनं सांगितलं की साडी पोस्टानं येईल, बघा, पसंत पडली तर कळवा, पैसे मागाहून. व्यापाऱ्याला पाठवायचे पैसे तिनं आपल्या भिशीतून उचलले. बाबांनी सोलापूरला सुरेख पत्र लिहिलं, प्रत्येक बाईचा पत्ता, उंची, काठाचा रंग. गणपती बसायच्या सुमाराला तिकडून कार्ड आलं, सगळी पार्सलं रवाना, आता मला त्रास देऊ नये.

आणि मग काहीच झालं नाही.

पहिलं आणि एकुलतं उत्तर महूहून आलं. तिथल्या एका काकूंनी पांढरी, निळ्या काठाची नऊवारी मागवली होती, बुद्धविहारात वंदनेला नेसायला. नवरा फौजेतून निवृत्त, सासरे फौजेत, घरात सगळा कारभार शिस्तीचा. पार्सल आलं, उघडलं, नेसून पाहिली, आणि त्याच दिवशी कार्ड टाकलं: "साडी मिळाली. लांबी बरोबर. अजून एक पाठवा." पैसेही लगेच आले. बाकी इंदूरच्या बायकांकडून अक्षर नाही. पितृपक्ष गेला, कोणी बोलेना. आई बाजारात त्यांच्यातल्या कोणाला भेटली तर त्या बाई गडबडून भाजीचे भाव विचारायच्या. साडी आवडली नाही, पण तोंडावर कसं सांगायचं म्हणून टाळतात, असा आईनं अर्थ लावला. तिच्या हातून पोह्यांत मीठ दोनदा पडायला लागलं.

बाबांनी पुण्याला न्यायच्या सामानासाठी शेजाऱ्यांकडून खोकी मागून आणली. ओट्यावर ती एकावर एक रचून ठेवली होती. कॉलेजमधून येताना ती खोकी दिसली की मला रडू यायचं, आणि मी रडतसुद्धा असे, उगाच शूरपणा कशाला सांगू. मामाला उत्तर लिहायचं राहिलं होतं. आई म्हणाली, नवरात्र होऊन जाऊ दे, मग लिहू.

घटस्थापनेच्या दिवशी माझा संयम संपला. मी सायकल काढली आणि पलासियाच्या पुढे राहणाऱ्या एका काकूंकडे गेले. ही काकू म्हणजे आईची सगळ्यात जुनी मैत्रीण आणि पहिली ऑर्डर तिचीच. जाताना मी काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एक वाक्यही वापरायला मिळालं नाही. काकूनं दार उघडलं आणि मला बघून तिचाच चेहरा पडला.

"अगं, तुझी आई रागावली आहे का माझ्यावर?"

"नाही तर. का?"

"मग आली का नाही ती? केव्हाची वाट बघून राहिली आहे मी."

तिनं मला देवघराशी नेलं. देवांच्या खालच्या फळीवर पार्सल जसंच्या तसं होतं, पांढऱ्या मांजरपाटाच्या कापडात शिवलेलं, लाखेच्या शिक्क्यांसकट. वर झेंडूचं फूल.

"उघडलं पण नाही?"

"मी कशी उघडू? साडी आणणारीनं कुंकू लावून हातात द्यायची असते ना. आता पोस्टमन लावणार का कुंकू? त्याला चहा पाजला न् दिलं पाठवून. मला वाटलं, तुझी आई येईल दोन दिवसांत. नाही आली, तर वाटलं काही चुकलं असेल आपलं."

मी विचारलं, बाकीच्यांचं काय? बाकीच्यांचंही तेच. सगळ्यांची पार्सलं कपाटात, देवघरात, ट्रंकेवर, आणि सगळ्या आईची वाट बघत होत्या. इतके दिवस त्या एकमेकींशी बोलल्या होत्या, फक्त आईशी तेवढ्या बोलल्या नव्हत्या. आपण होऊन बोलावलं तर तिला ओझं होईल म्हणून.

घरी येऊन सांगितलं तेव्हा आईनं कपाळावर हात मारला. यातली गंमत अशी की तिच्या स्वतःच्या नावानं असं पार्सल आलं असतं तर तिनंही ते उघडलं नसतं. धंदा हळदीकुंकवात सुचला आणि नेमकं हळदीकुंकूच विसरली. "अगं, मी जाणार होते ना," ती म्हणाली. "पण मग वाटलं, त्यांना वाटेल पैसे मागायला आली." भिडेपायी धंदा बुडवायला आमच्या लोकांना शिकवावं लागत नाही.

उद्यापासून एकेकीच्या घरी जाऊन येते, असं तिनं ठरवलं. पण तशी वेळच आली नाही. मी परतले आणि काकूनं शेजारच्या दुकानातून कोणाकोणाला फोन केले असावेत. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात चपलांचा आवाज झाला आणि बघते तो सगळ्याजणी, ठेवणीतल्या साड्या नेसून, प्रत्येकीच्या काखेत एकेक पार्सल. ओट्यावरची खोकी बाजूला सारत त्या आत आल्या.

बाबा पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांना उठून जायला वाट राहिली नाही. पुढच्या दारात बायका, मागे स्वयंपाकघरात चहासाठी घुसलेल्या बायका, आणि मधे बाबा खुर्चीत पेपर तोंडासमोर धरून. कापड घरात येता कामा नये ही अट सगळ्यांना ठाऊक नव्हती. मला होती. मला वाटलं, आता हे उठणार, काहीतरी तोडून बोलणार, आणि आईची आजची दुपारही जाणार.

आईनं हळदीकुंकवाची कुयरी आणली, चटई घातली आणि काकूचं पार्सल पुढ्यात घेतलं. शिवण उसवायला तिनं कात्री उचलली.

"कात्री नको," पेपरच्या मागून आवाज आला.

आई थांबली.

"आत घडी कशी आहे माहीत नाही. कापड कापलं जाईल."

पेपर खाली आला. बाबा खुर्चीतून उतरून चटईवर बसले, पार्सल आईच्या हातातून घेतलं आणि उलटंसुलटं फिरवलं. नखानं शिवणीची गाठ मोकळी केली, दोऱ्याचं टोक धरलं आणि हळूहळू ओढत नेलं, तशी शिवण एका बाजूनं सुटत गेली. आतली साडी त्यांनी आईकडे सरकवली, तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. स्वतः ते रिकामं मांजरपाटाचं कव्हरच घेऊन बसले. अंगठ्यानं चोळलं. खिडकीच्या उजेडासमोर धरलं. त्याची किनार बोटांवरून फिरवली.

"आपल्या मिलचं आहे," ते म्हणाले.

खरं होतं का, देव जाणे. सोलापूरच्या व्यापाऱ्याकडे आमच्या मिलचं जुनं मांजरपाट असूही शकतं, आणि नसूही शकतं. आईनं विचारलं नाही, मीही नाही. काकू मात्र पदर सावरत म्हणाली, "असेल ना भावजी. माझ्याकडे गाद्यांना पण तुमच्याच मिलचं आहे. काही केल्या फाटत नाही मेलं."

बाबा हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. मिल बंद पडल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं आणि मला एकाएकी इतकं हलकं वाटलं की मी पाणी प्यायला आत गेले.

परत आले तेव्हा कामाला रीत लागली होती. बाबा एकेक पार्सल उसवून देत होते. आई साडीच्या टोकाला कुंकू लावून ज्या त्या बाईच्या हातात ठेवत होती. बायका साड्या उलगडून काठ बघत होत्या, एकमेकींच्या अंगावर लावून बघत होत्या, लांबी पुरते का ते हातांनी मोजत होत्या, आणि सोलापूरच्या माणसाला नजर लागेल इतकं त्याचं कौतुक करत होत्या. मग उलगडलेल्या साड्यांचा ढीग झाला. नऊवारी साडीची घडी एकटीदुकटीला नीट जमत नाही, निसटते. काकूनं दोनदा घातली आणि दोनदा वाकडी झाली. बाबांना ते बघवेना. "आण इकडे," ते म्हणाले. साडी मधोमध दुमडून एक बाजू त्यांनी माझ्या हातात दिली, दुसरी स्वतः धरली, आणि खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आम्ही ती ताणली. बायका भिंतीला टेकून सरकल्या. काठावर काठ ठेवत, तळहातानं हवा काढत, त्यांनी अशी घडी घातली की चारी कोपरे दुकानातल्यासारखे जुळले. काकूनं ती घडी दोन्ही हातांत घेतली आणि म्हणाली की आता ही मोडायला जीव होणार नाही.

मग सगळ्यांनाच तशी घडी हवी झाली. एक झाली की दुसरी. अजून दोघींनी नव्या साड्या सांगितल्या, एकीनं सुनेसाठी, एकीनं भोपाळच्या बहिणीसाठी. आईनं नोंद करायला कागद शोधला तर बाबा घडी घालता घालताच म्हणाले, "पुढची पार्सलं इकडेच मागव. सगळी. एकेकीकडे पाठवून काय फायदा, येतात तर इथेच."

आईनं मान हलवली. बायका चहा पिऊन, ओटी घेऊन एकेक करत निघाल्या, जाताना त्यांनी ओट्यावरची खोकी नीट बाजूला लावून ठेवली. बाबा अजून चटईवरच होते. साड्या संपल्या होत्या. आता ते पार्सलांची रिकामी कव्हरं एकावर एक ठेवून त्यांच्या घड्या घालत होते, तितक्याच काळजीनं.

आई दारातून मागे आली आणि त्यांच्यासमोर बसली. "दादाला उत्तर द्यायचं राहिलंय पुण्याला," ती म्हणाली. "काय लिहू?"

बाबांनी वर बघितलं नाही. त्यांनी कव्हराचा कोपरा तळहातानं दाबून सपाट केला.

"लिही त्याला," ते म्हणाले, "फोल्डिंग खातं सुरू झालंय, म्हणून येता येत नाही."